मुलाचा ताबा, भेट आणि दत्तक : वेगळ्या राहणाऱ्या बापाने पहिल्या नोटिशीपासून काय करावं

नवरा-बायकोचं प्रकरण कोर्टाकडे वळलं की बहुतेक बाप वकिलाला आधी विचारतात, "कस्टडी मला मिळेल का?" विचारायचंच असेल तर आधी हे विचारा : "येत्या रविवारी मला मूल भेटेल का?" ताब्याचा अंतिम निकाल लागायला वर्षं जातात. तेवढ्यात मूल एका घरात, एका शाळेत, एका आजी-आजोबांच्या सवयीत रुळतं. मग निकालाच्या दिवशी बापाची बाजू कितीही बरोबर असली तरी न्यायाधीश ती घडी मोडायला कचरतात, आणि मुलाच्या दृष्टीने त्यात त्यांची चूकही नसते. या लेखात पुढे जे काही आहे ते याच धोरणावर उभं आहे : भेटी तुटू द्यायच्या नाहीत, ताब्याचं नंतर बघू.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू कायदा लागू असलेल्या बापांसाठी आहे. कायद्याच्या दृष्टीने बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात. वकील तर लागेलच. पण वकिलाकडे जाताना काय मागायचं हे ठाऊक असेल तर तुमचे पैसे आणि तारखा दोन्ही वाचतात.

कायदा बापाला काय देतो

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे लग्नसंबंधातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. हे वाक्य वाचून अनेकांना उगाच जोर चढतो. त्याच कलमात पुढे लिहिलंय की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील. आणि कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर, बाकी सगळं त्याखाली. १९९९ साली, मुलाच्या नावावर घ्यायच्या रिझर्व्ह बँकेच्या बाँडवर आईची सही चालते का, या साध्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बाप हयात असतानाही आई पालक म्हणून काम करू शकते. थोडक्यात, 'मी नैसर्गिक पालक आहे' एवढ्यावर कुठलाही बाप आज ताब्याची केस जिंकत नाही.

पण हे कलम अगदीच निरुपयोगी नाही. त्यातच स्पष्ट केलंय की सावत्र बाप नैसर्गिक पालक होत नाही. तसंच पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम १९ सांगतं की बाप किंवा आई हयात असेल आणि कोर्टाला अपात्र वाटत नसेल, तर कोर्ट तिसऱ्या माणसाला मुलाचा पालक नेमू शकत नाही. पत्नीच्या निधनानंतर तिच्या माहेरच्यांशी वाद झाला तर हे कलम हाताशी ठेवा.

मुसलमान कुटुंबात हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, बाप वली, म्हणजे कायदेशीर पालक, असतो. मात्र अर्ज याच १८९० च्या कायद्याखाली होतो आणि तिथेही तराजू मुलाच्या हिताचाच. नोंदणी पद्धतीने लग्न झालेल्यांना विशेष विवाह अधिनियमाचं कलम ३८ लागू होतं.

पहिले पंधरा दिवस

पत्नी मुलाला घेऊन माहेरी गेली, फोन उचलत नाही. अशा वेळी डोक्यात येणारी पहिली गोष्ट म्हणजे शाळेबाहेरून मुलाला उचलून आणणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की कोर्टाची मनाई नसेल तर बापाने स्वतःचं मूल नेलं म्हणून अपहरणाचा गुन्हा होत नाही. त्या निकालाच्या बातम्या एकमेकांना पाठवून बरेच जण खूश झाले. गुन्हा होत नाही म्हणजे ते शहाणपणाचं आहे असं नव्हे. रडणाऱ्या मुलाला गाडीत घातल्याचा व्हिडिओ समोरच्या वकिलाने एकदा दाखवला की पुढची दोन वर्षं तुमच्या भेटी देखरेखीखाली होतात. शिवाय कोर्टाचा तात्पुरता आदेश आधीच निघालेला असेल आणि तुम्हाला तो कळलेला नसेल, तर फौजदारी अडचण खरीच उभी राहते.

उचलून आणण्याऐवजी लिहा. व्हॉट्सॲपवर, शांत भाषेत, रोज नाही पण नियमित : "शनिवारी अकरा वाजता भेटायला येऊ का? जागा तू सांग." उत्तर आलं नाही तरी हे मेसेज पुढे तुमचे साक्षीदार होतात. त्यात टोमणा नको, धमकी नको, सासूचा उद्धार तर नकोच. तुमचा प्रत्येक मेसेज एक दिवस न्यायाधीश वाचणार आहेत असं धरून चाला.

पैसे थांबवू नका. भेट देत नाहीत म्हणून शाळेची फी न भरणं हा बापांचा आवडता आणि सर्वांत महागात पडणारा निषेध आहे. खर्च आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोर्ट त्यांची अदलाबदल करू देत नाही. रक्कम रोख न देता बँकेतून पाठवा आणि तपशिलात 'शाळा फी जून' असं लिहा. पोटगीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. ते आत्ताच भरायला घ्या. उत्पन्न लपवणारा बाप मुलाच्या हिताबद्दल बोलू लागला की ऐकणाऱ्याचा कान आपोआप बंद होतो.

कागद गोळा करा : मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या पावत्या, पालकसभेला तुम्ही गेल्याची नोंद, डॉक्टरांचे कागद, आधार, पासपोर्ट असेल तर त्याची प्रत. फोटोपेक्षा हे कागद जास्त बोलतात, कारण फोटो वाढदिवसाचे असतात आणि कागद मंगळवारच्या तापाचे.

अर्ज कुठे करायचा

पालकत्वाचा स्वतंत्र अर्ज मूल साधारणपणे जिथे राहतं तिथल्या कोर्टात होतो, हे १८९० च्या कायद्याचं कलम ९. मूल नागपूरला आजोळी रुजलं असेल तर पुण्यात बसून केलेला अर्ज अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच अडकतो. म्हणून उशीर करू नये. चार महिन्यांपूर्वी मूल पुण्यात होतं हे पटवणं सोपं, दोन वर्षांनी ते अवघड. घटस्फोटाची किंवा नांदायला येण्याची केस आधीच चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच कोर्टात मुलाबद्दलचा अर्ज करता येतो. वेगळी फाईल काढायची गरज नसते.

जिथे कौटुंबिक न्यायालय आहे, म्हणजे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, पुण्यात शिवाजीनगरला, नागपूर, नाशिक आणि अशा इतर शहरांत, तिथे अर्ज त्याच न्यायालयात. जिथे नाही तिथे जिल्हा न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा तुमचा आपोआप मिळणारा हक्क नसतो, त्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो. ती सहसा मिळते, पण न्यायाधीश थेट तुमच्याशी बोलतील याची तयारी ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. पुरुषांना तिथे उत्पन्नाची मर्यादा लागते, तिचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची केस दंडाधिकाऱ्यांसमोर स्वतंत्र चालते. त्या कायद्याच्या कलम २१ खाली आईला मुलाचा तात्पुरता ताबा मिळू शकतो. त्याच कलमात बापाला भेट देण्याची तरतूदही आहे. त्या कोर्टात फक्त आरोप नाकारत बसू नका, भेटीची मागणी तिथेही लेखी नोंदवा.

अर्जात काय मागायचं

मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम भेटीचा अर्ज द्या. कोर्टाच्या बोलीत सगळेच त्याला 'ॲक्सेस'चा अर्ज म्हणतात. त्यावर निशाणी नंबर, म्हणजे फाईलमधला क्रमांक, पडतो, समोरच्याला म्हणणं द्यायला तारीख मिळते. इथे बरेच वकील दोन ओळी लिहून मोकळे होतात : 'भेटीचा योग्य तो आदेश व्हावा.' असा अर्ज नको. तुम्हाला नेमकं काय हवंय हे वेळापत्रकासारखं लिहा, कारण तयार वेळापत्रक समोर असलं की न्यायाधीशाला त्यात कमी-जास्त करणं सोपं जातं.

समजा मुलगी सहा वर्षांची आहे. मग साधारण असं मागता येईल : दर शनिवारी अकरा ते पाच, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार मुक्काम, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, गणपतीत एक दिवस, वाढदिवशी दोन तास, शाळेने प्रगतिपुस्तक आणि पालकसभेची सूचना दोघांनाही पाठवावी, कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला देशाबाहेर नेऊ नये. व्हिडिओ कॉलची मागणी लाजत करू नका. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीबरोबरच रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलण्याचा हक्क असावा. तो निकाल वकिलाला जोडायला सांगा.

मूल दीड-दोन वर्षांचं असेल तर हिशोब वेगळा. त्या वयात आठवड्यातून एकदा सहा तासांपेक्षा तीनदा एकेक तास बरा. तेवढ्या लहान मुलाच्या आठवणीत आठवडा मोठा असतो. मुक्काम लगेच मागू नका. 'तीन वर्षं पूर्ण झाल्यावर एक रात्र, पाचनंतर दोन' अशी चढती मागणी आत्ताच अर्जात लिहून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाचा पूर्ण ताबा मागणाऱ्या बापांसाठी फेब्रुवारी २०१५ चा, गोव्यातून गेलेल्या प्रकरणातला निकाल वाचण्यासारखा आहे. तिथे उच्च न्यायालयाने चिमुकल्याला बापाकडे दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं : एवढ्या लहान मुलाचा ताबा आईचा, ती नालायक आहे हे सिद्ध करण्याचा भार बापावर, आणि बापाला भेटी. आईविरुद्ध ठोस आणि गंभीर पुरावा नसेल तर या वयात ताब्यासाठी पैसा आणि श्वास खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूल सोपवायची जागा ठरवून घ्या. सासरचा जिना नको, पोलीस ठाणं तर नकोच. मोठ्या कौटुंबिक न्यायालयांत मुलांची खोली असते, पहिल्या काही भेटी तिथेच होतात. ती खोली बापांना अपमानास्पद वाटते : खेळणी मोडकी, आजूबाजूला चार कुटुंबं, दाराशी कर्मचारी. तरीही जा, वेळेआधी जा, एकही भेट चुकवू नका. तिथल्या नोंदीवरच पुढे बाहेरची भेट मिळते. मुलासाठी एक गोष्टीचं पुस्तक किंवा रंगखडू न्या, महागडी सायकल नको. आणि मुलाला 'आई काय म्हणते माझ्याबद्दल?' हे कधीच विचारू नका.

समुपदेशक आणि न्यायाधीशांची केबिन

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण आधी विवाह समुपदेशकाकडे जातं. तिथे बाप जाऊन बायकोचे दोष सांगतो, वेळ संपते, पुढची तारीख पडते. त्यापेक्षा मुलाचं बोला. त्याला कुठल्या विषयाची भीती वाटते, झोपताना काय लागतं, दम्याचा पंप कधी द्यायचा, वर्गशिक्षिकेचं नाव काय. ज्या बापाला हे सांगता येत नाही त्याच्या ताब्याच्या मागणीकडे कुणी गंभीरपणे बघत नाही, आणि खरं सांगायचं तर बघूही नये. येत नसेल तर शिकून घ्या. भेटी त्यासाठीच आहेत.

समजण्याइतकं मूल मोठं असेल तर १८९० च्या कायद्याच्या कलम १७ खाली कोर्ट त्याची इच्छा विचारात घेतं. न्यायाधीश केबिनमध्ये मुलाशी एकटे बोलतात. मुलाला आदल्या रात्री पढवून पाठवणारे पालक दोन्ही बाजूंना असतात. पढवलेलं मूल मोठ्यांचे शब्द वापरतं आणि ते पाचव्या मिनिटाला उघडं पडतं.

मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करण्याचा विषय निघालाच आहे तर एक प्रकरण सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर लिहिलं, आणि बापांच्या गटांत तो निकाल फार उद्धृत होतो. गंमत अशी की तो गेला बापाच्या विरोधात. बाप लष्करी अधिकारी, मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून त्याच्याकडे. मुलीने बापाकडेच राहायचं म्हटलं होतं. कोर्ट म्हणालं, तिला आईचा अनुभवच मिळालेला नाही तर ती निवड कशी करणार, आणि मुलगी आईकडे दिली. म्हणजे हे शस्त्र दोन्ही बाजूंनी कापतं. ताबा तुमच्याकडे असेल तर आईच्या भेटी तुम्हीच नीट घडवून आणा.

दोन गोष्टी टाळा. एक, मूल आपलं नाही असा संशय ताब्याच्या केसमध्ये घेणं. लग्नात झालेलं मूल नवऱ्याचंच, हे कायद्याचं भक्कम गृहीतक आहे आणि ते सहजी हलत नाही. पण तुम्ही संशय घेतलात ही गोष्ट मात्र फाईलमध्ये कायम राहते. दोन, सासरी छळ झाल्याची (पूर्वीचं ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तक्रार खोटी आहे एवढंच प्रत्येक तारखेला बोलत राहणं. ती केस तिच्या कोर्टात लढा. प्रलंबित फौजदारी आरोप ताबा ठरवताना विचारात घेतले जातात, पण त्याने भेटीचं दार आपोआप बंद होत नाही. आणि घरात खरोखर मारहाण झाली असेल तर देखरेखीखालची भेट हा तुमच्यावरचा अन्याय नाही. सुरुवात तिथूनच होईल, ती स्वीकारा.

पत्नी हयात नसेल तर

या प्रकरणांत बापाची बाजू कायद्याने सर्वांत बळकट असते, आणि तरीही बाप इथे संकोचाने गप्प बसतात. मे २०१९ मध्ये महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलं. आई कर्करोगाने गेली, मधल्या काळात बाप स्वतः आजारी, तान्ही मुलगी मावश्यांकडे वाढली. बाप बरा झाल्यावर मावश्यांनी मूल द्यायला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा ठेवून घेतलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे आणण्याच्या, याचिकेतच मूल बापाला दिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि मावश्यांना भेटी ठेवल्या. ऑगस्ट २०२४ मध्येही, कोरोनाकाळात आई गमावलेल्या एका मुलीच्या बाबतीत, आजोळच्या नातेवाइकांकडून ताबा बापाकडे देण्याचा निकाल आला.

म्हणजे मूल दोन्ही पालक सोडून तिसऱ्याकडे असेल आणि त्यांच्याकडे कोर्टाचा आदेश नसेल तर उच्च न्यायालयात थेट याचिकेचा रस्ता आहे, आणि तो वेगवान आहे. आईविरुद्ध मात्र हा रस्ता सहसा चालत नाही, तिथे कौटुंबिक न्यायालयच. आजोळी मूल ठेवताना एक साधा मेसेज जरी करून ठेवला, 'माझी प्रकृती सुधारेपर्यंत बाळ तुमच्याकडे राहू दे', तरी तात्पुरती व्यवस्था होती हे सिद्ध होतं. आणि ताबा मिळाल्यावर आजी-मावशी तोडू नका. मुलाची आई एकदा गेलेली असते.

दत्तक : इथे तुमची सही ही खरी ताकद

ताब्यात बापाचा शब्द मुलाच्या हितापुढे वाकतो. दत्तकाचं तसं नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम ९ प्रमाणे मूल दत्तक देण्याचा अधिकार आई आणि बाप दोघांना सारखा आहे, पण एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरायचा नाही. अपवाद तीनच : दुसऱ्याने संन्याशासारखा जगाचा पूर्ण आणि कायमचा त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवलं असेल. घटस्फोट झाला, ताबा आईकडे गेला, बाप पोटगी थकवतो, यातलं काहीही त्या यादीत नाही.

नेहमी घडणारा प्रसंग असा. आईने दुसरं लग्न केलं, नव्या नवऱ्याचं नाव मुलाला लावायचंय, शाळेच्या दाखल्यावर दोन आडनावं नकोत. हेतू वाईट असतोच असं नाही. मग तुमच्याकडे एक कागद येतो : 'ना हरकत आहे, सही करा, पोटगी माफ.' सही करण्याआधी समजून घ्या की वैध दत्तकाने तुमचं आणि मुलाचं कायदेशीर नातं तुटतं, मूल सगळ्या अर्थांनी त्या घराचं होतं, आणि त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वैध दत्तक पुढे रद्द करता येत नाही. पोटगी वाचते हे खरं, पण भेटीचा हक्कही त्याच कागदात जातो.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अटींतही अशी ओळ घुसवलेली असते : 'अज्ञान मुलावर पतीचा कोणताही हक्क राहणार नाही व पुढील कोणत्याही व्यवस्थेस त्याची हरकत नसेल.' घाईत सह्या होतात. ताबा आणि भेटीबद्दलच्या अटी मुलाच्या हितासाठी कोर्ट नंतरही बदलू शकतं, पण हीच ओळ दत्तकाची संमती म्हणून पुढे केली जाते. ती खोडून घ्या आणि त्याजागी भेटीचं वेळापत्रक लिहून घ्या.

तुम्हाला न विचारता दत्तकपत्र झालंच असेल तर? देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र कोर्ट वैध धरून चालतं, खोडून काढायचा भार तुमच्यावर. बापाची संमती नव्हती हे दाखवलं की ते ढासळतं. मात्र दत्तक अवैध ठरवून मागण्याच्या दाव्याला मुदत आहे : तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षं. म्हणून कधी आणि कशामुळे कळलं याची नोंद ठेवा. दुय्यम निबंधक कार्यालयातून दत्तकपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि दिवाणी वकिलाला भेटा. ती नक्कल काढेपर्यंत कुणाशी भांडू नका.

सावत्र बापाने दत्तक घेण्याचा दुसरा मार्ग बाल न्याय अधिनियम, २०१५ चा, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा'च्या नियमांनुसार. तिथेही जैविक पालकाची संमती लागते. शिवाय ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. वाद चालू आहे हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाला केस नंबरसह लेखी कळवा, पोच घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचं काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आणि त्यावरचं अपील विभागीय आयुक्तांकडे, तीस दिवसांत. तीस दिवस फार लवकर सरतात.

लग्न झालेलं नसेल तर

अविवाहित बापाची बाजू सर्वांत नाजूक. लग्नाबाहेरच्या मुलाची पालक आधी आई, नंतर बाप. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं की अविवाहित आई बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्वाचा आदेश मिळवू शकते. त्या प्रकरणातल्या बापाने मुलाकडे कधी बघितलंच नव्हतं.

मूल दत्तकासाठी सोडून देण्याची प्रक्रिया बाल कल्याण समितीपुढे होते. विवाहित जोडपं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. अविवाहित आई एकटी सही करू शकते. सहीनंतर फेरविचाराला साठ दिवस असतात, त्यानंतर मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं घोषित होतं. विवाहित जोडप्यातला एकजण मूल घेऊन समितीकडे गेला आणि दुसऱ्याचा ठावठिकाणा लागत नसेल, तर मूल टाकून दिलेलं मानून पुढची कारवाई होते. बेपत्ता राहणाऱ्या बापाचं नुकसान इथे होतं. कामासाठी परराज्यात गेलात तरी फोन नंबर आणि पत्ता लेखी कळवत राहा.

लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्यांसाठी केरळ उच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा निकाल महत्त्वाचा आहे. जोडपं एकत्र राहत होतं, मूल झालं, बाप कामासाठी लांब गेला, आई एकटी पडली आणि तिने मूल समितीकडे दिलं. मुलाला दत्तकही दिलं गेलं. नंतर दोघं परत एकत्र आली आणि कोर्टात गेली. न्यायालय म्हणालं, अशा जोडप्याला मूल सोडून देण्याच्या प्रक्रियेपुरतं विवाहितच धरायला हवं होतं, बापाला विचारायला हवं होतं. समितीची घोषणा रद्द झाली. दुसऱ्या उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसतो, पण वजन असतं. तुम्ही या स्थितीत असाल तर जन्मदाखल्यावर नाव, दवाखान्याच्या फॉर्मवर सही, बाळंतपणाचा खर्च तुमच्या खात्यातून, हे सगळं वेळेत करा. आणि साठ दिवसांच्या आत समितीकडे लेखी हरकत द्या. समितीत कुणी ऐकत नसेल तर उच्च न्यायालय गाठा, वाट बघू नका.

परदेशातून मूल भारतात आणलं असेल

न्यू जर्सी किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी बापांचा हा हमखास प्रश्न. आई सुट्टीसाठी म्हणून मुलाला पुण्याला घेऊन आली आणि परत गेली नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय पळवणुकीबद्दलच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. तिथल्या कोर्टाचा आदेश मिळवा, पण तो इथे आपोआप लागू होईल असं धरू नका. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक मुद्द्यांपैकी एक, मुख्य तो मुलाच्या हिताचाच. उच्च न्यायालयातली याचिका काही आठवड्यांत दाखल करा. वर्षभर तिथूनच ईमेल लिहीत बसलात तर मूल इथल्या शाळेत, इथल्या भाषेत स्थिरावतं. उलट बाजूने, मुलाला परदेशी नेलं जाईल अशी शंका असेल तर पासपोर्ट कोर्टात जमा करण्याचा आणि परवानगीशिवाय देशाबाहेर न नेण्याचा आदेश पहिल्याच अर्जात मागा.

आदेश मिळाला, पण मूल मिळालं नाही

हे फार होतं. शनिवारी तुम्ही ठरलेल्या जागी उभे, अकराचे बारा होतात, मेसेज येतो : 'ताप आहे.' पुढच्या शनिवारी परीक्षा. त्यापुढच्या शनिवारी लग्न. सासरच्या दारात आवाज करू नका. जागेवरून वेळ दिसेल असा फोटो काढा, 'मी इथे आहे, पुढच्या भेटीची वेळ कळव' असा मेसेज करा आणि परत या. न्यायालयाच्या मुलांच्या खोलीत भेट असेल तर तिथल्या नोंदवहीत तुमची हजेरी आणि समोरच्याची गैरहजेरी लिहून घ्या.

दोन भेटी बुडाल्या की तिसरी बुडायची वाट न बघता अर्ज द्या. त्यात बुडालेल्या तारखा, आणि त्यांच्या बदल्यात वाढीव वेळ. वकिलाला सांगून त्या तारखांची पर्सिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल करा, म्हणजे न्यायाधीशांनी न बोलताही ती फाईलला लागते. प्रत्येक तारखेनंतर ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या केसचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख बघा, आणि कोर्टात रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, वाचा. तुमचा वकील 'आज काही झालं नाही' म्हणाला आणि रोजनाम्यात 'अर्जदार गैरहजर' असं लिहिलेलं सापडलं, तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेता येतं. सहा महिन्यांनी नाही. आदेश सतत मोडला जात असेल तर अंमलबजावणीचा अर्ज म्हणजे दरखास्त, आणि त्याही पुढे न्यायालयाच्या अवमानाची याचिका, असे मार्ग आहेत. अवमानाच्या धमकीने एखादी भेट मिळते, पण आईला तुरुंगात पाठवणारा बाप मुलाला आवडत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवा.

कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर उच्च न्यायालयात तीस दिवसांत अपील होतं. अंतरिम आदेशावर अपील नाही, रिट याचिका करावी लागते. ताब्याचा कुठलाही आदेश मात्र कायमचा नसतो. मूल मोठं झालं, बदली झाली, आईचं आजारपण आलं, तुमचं घर शाळेजवळ आलं, अशी परिस्थिती बदलली की त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करता येतो. त्यासाठी जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. तेव्हा निकाल लागला त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका आणि दोन प्रती काढून घ्या. एक मुलाच्या शाळेत देण्यासाठी लागतेच.